अव्वाच्या जबड्याखालचा खडा

अव्वा, म्हणजे माझी आई, घरी जेवताना कशी दिसते, हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ती जेवायची, पण कुणासमोर नाही. सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या घरी दुपारी पंगत अशी एकदम बसायचीच नाही. अप्पांचं भुसार मालाचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथून आधी अप्पा यायचे, ते उठले की माझे दोघे थोरले भाऊ, मग दुकानातली माणसं, मध्येच गावाकडून ज्वारीची पोती घेऊन आलेला एखादा पाहुणा. अव्वा चुलीपुढून हलायची नाही. भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांच्या मागांची खटखट, असं सगळं एकात एक मिसळून आमची दुपार व्हायची. सगळे जेवून गेले, भांडी ओढून मोरीत टाकली, की ती स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. आमच्याकडं हे कुणाला वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. ती मूळची अक्कलकोटच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं मराठी बाजारहाटापुरतंच होतं. आमच्याशी ती कानडीत बोलायची आणि आम्ही तिला मराठीत उत्तरं द्यायचो. अप्पांना कानडी उत्तम यायचं, दुकानात गिऱ्हाइकाशी ते अर्धा अर्धा तास कानडीत गप्पा मारायचे. घरी मात्र त्यांचं बोलणं जेवण आणि निरोप एवढ्यावर संपायचं.

त्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं होतं. मी चपला काढून थेट आत गेले तर अव्वा ताटावर बसलेली. उजव्या हातात घास तसाच, आणि डावा हात जबड्याखाली घट्ट दाबून धरलेला. डोळे मिटलेले. मी हाक मारली तशी तिनं दचकून पदर गळ्याभोवती ओढला, पण तेवढ्यात मला दिसलं. जबड्याच्या हाडाखाली, डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ तटतटून वर आली होती.

"अव्वा, हे काय गं?"

"एनू इल्ल," ती म्हणाली. काही नाही. आणि मग तिचे नेहमीचे शब्द, "होगली बिडु." जाऊ दे, सोड.

मी सोडलं नाही. शेजारी बसून राहिले. तासाभरानं ती गाठ आपोआप उतरली, जणू कधी नव्हतीच. मग तिनं सांगितलं की जेवायला बसलं की ती येते, जेवण झालं की हळूहळू जाते. आंबट खाल्लं तर जास्त येते. पुंडीपल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, तिच्या जिवाची. ती तिनं कधीपासून ताटात घेणंच बंद केलं होतं. भाजी रोजच्यासारखी होत होती, आम्ही बोटं चाटून खात होतो, आणि ती घेत नाही हे घरात एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, मागच्या संक्रांतीच्या सुमारास सुरू झालं. तेव्हा आषाढ चालला होता.

अप्पा वाईट माणूस नव्हते, हे इथं सांगून ठेवते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यानं कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी सांगितल्याबरोबर दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान मुलांवर टाकलं आणि अव्वाला घेऊन गेले. घरच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, तिथून सर्जनकडं धाडलं. लाळ तयार करणाऱ्या ज्या गाठी आपल्या तोंडात असतात, त्यातल्या जबड्याखालच्या एका गाठीत खडा झाला होता. घास तोंडात गेला की लाळ सुटते, खड्यामुळं तिची वाट अडते, आणि गाठ फुगते. सर्जननी फोटोवर बोट ठेवून ज्वारीच्या दाण्यासारखा एक पांढरा ठिपका दाखवला. खडा खोल आहे, गाठच काढावी लागेल, ऑपरेशन फार मोठं नाही, मात्र ओठाची एक नस तिथून जाते, तेवढी सांभाळावी लागते, असं त्यांनी सांगितलं. अव्वाला त्यातलं "कापावं लागेल" तेवढं कळलं. तिनं नाही म्हणून मान हलवली ती हलवतच राहिली.

"घाई काय हाय? बघू की," अप्पा म्हणाले. आणि दुकानात ही गोष्ट निघाल्यावर कुणा गिऱ्हाइकानं मोकाशी डॉक्टरांचं नाव सांगितलं. होमिओपॅथीचे. त्यांच्या गोळ्यांनी म्हणे मुतखडे पडतात. अप्पांनी घरी येऊन हिशेबी माणसासारखा मुद्दा मांडला, "मुतखडा पडतो तर हा एवढासा खडा काय चीज हाय? गोडगोड गोळ्या. ना सुई, ना सुरी."

मोकाशी डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे नवी पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली. आत पाऊल टाकताच स्पिरिटचा गोडसर वास यायचा. भिंतीला लागून काचेची कपाटं, त्यांत बोटभर उंचीच्या शेकडो बाटल्या. डॉक्टर पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो. अव्वाचं मराठी कच्चं म्हणून मला घेतलं होतं, पण सुरुवातीला माझी गरजच पडली नाही; सगळी उत्तरं अप्पाच देत होते.

"तहान कशी आहे?"

"बेताची."

"झोप?"

"झोपेचं काय? पडली की झोपती."

"गोड जास्त आवडतं की आंबट?"

अप्पांनी अव्वाकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. "तिला? तिला काय, जे असंल ते खाती की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अतिशय नम्रपणे म्हणाले, "मालक, दुकानाची वेळ असेल तुमची. मला इथं जरा वेळ लागेल. मुलगी आहे ना सोबत?" अप्पांना सुटल्यासारखं झालं. ते गेल्यावर डॉक्टरांनी खुर्ची अव्वाच्या बाजूला वळवली. "ताई, आता तुम्ही सांगा. कानडीतच सांगा. ही मला मराठीत सांगेल. घाई करू नका."

अव्वानं आधी सगळ्याला "एनू इल्ल" म्हटलं. तहान, काही नाही. भीती, काही नाही. डॉक्टर थांबायचे. त्यांची थांबण्याची एक रीत होती. समोरचा गप्प बसला की तेही गप्प बसत, पण कपाटाकडं किंवा घड्याळाकडं बघत नसत. मला त्या शांततेचा संकोच वाटायला लागला. शेवटी त्यांनी विचारलं, "स्वप्नं पडतात का?" मी ते कानडीत सांगितलं आणि अव्वा चक्क हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "बावी."

बावी म्हणजे विहीर. माझ्या आजोळच्या मळ्यात मोठी दगडी विहीर होती, ती मी पाहिली होती. पण माझी आई त्या विहिरीत भावांच्या बरोबरीनं वरच्या काठावरून उड्या मारायची, हे मला त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत, तिचं बोलणं एका परक्या माणसाला मराठीत सांगता सांगता कळलं. स्वप्नात ती अजून उडी मारते, म्हणाली. खाली खाली जात राहते, तळ लागत नाही, पण भीती वाटत नाही. मग जाग येते आणि जाग आल्याचा राग येतो. "राग येतो?" डॉक्टरांनी विचारलं. "आणखी केव्हा येतो?" "जेवायला बसते तेव्हा," ती म्हणाली. का, ते तिला सांगता येईना. "त्या वेळी जवळ कोण असतं?" यावर ती म्हणाली, "यारू इल्ल." कुणी नाही. मी ते भाषांतर करताना अडखळले. डॉक्टरांनी मात्र "बरं" म्हणून शांतपणे लिहून घेतलं, जसं तहानेचं लिहून घेतलं होतं.

साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली घेऊन आम्ही बाहेर पडलो. हात न लावता बुचात घेऊन जिभेवर टाकायच्या, कांदा, लसूण, कॉफी बंद, आणि जेवणाआधी लिंबाची फोड चोखून जबड्याखालून पुढं हलक्या हातानं चोळायचं. घरात यावरून थोडी धमाल झाली. लसणीशिवाय शेंगाचटणी ही आमच्याकडं ऐकिवात नसलेली गोष्ट. अव्वा उखळात दोन चटण्या कुटायला लागली, आमची लाल आणि झणझणीत, तिची फिकी. एकदा चुकून अप्पांच्या ताटात फिकी पडली. "ही काय दवाखान्याची चटणी?" म्हणून ते ओरडले आणि सगळे हसलो. अव्वाही. ती अलीकडं हसायला लागली होती.

दर आठवड्याला आम्ही दोघी चालत जायचो. मोकाशी डॉक्टर प्रत्येक वेळी विचारायचे, झोप कशी, घाम कुठं येतो, पाय पांघरुणाबाहेर काढावेसे वाटतात का, एकटं बरं वाटतं की माणसांत, ढग आले की कसं वाटतं. आणि अव्वा सांगायची. पुढं पुढं तर तिला धीरच नसायचा. माझं मराठी पुरं व्हायच्या आत ती पुढचं कानडी सुरू करायची. जाताना वाटेतच ती मला म्हणायची, आज हे सांगायचंय, विसरले तर आठवण कर. तिच्या आईनं तिला शिकवलेली गाणी, पहिल्यांदा सोलापुरात आली तेव्हा गिरणीच्या भोंग्यानं रडू फुटलेलं, माझ्या जन्माच्या वेळी तिला मुलगीच हवी होती हे. हे शेवटचं सांगताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मीही खाली मान घालूनच ते डॉक्टरांना मराठीत सांगितलं, "त्यांना मुलगी हवी होती." जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

माझा जावई डॉक्टर आहे. होमिओपॅथीचं नाव काढलं की तो साखरेच्या गोळ्या म्हणून हसतो. मी वाद घालत नाही. गोळ्यांनी खडा विरघळला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या महिन्यांत अव्वाचा चेहरा उजळला होता, तिला गाढ झोप लागत होती, हेही मी पाहिलं आहे, आणि या दोन गोष्टींची तोंडमिळवणी मला आजतागायत करता आलेली नाही.

नवरात्राच्या आसपास एका सकाळी तिनं मला स्वयंपाकघरातून हाक मारली. तळहात पुढं केला. त्यावर तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा होता. लिंबू चोखताना जिभेखाली टोचलं आणि बाहेर आला, म्हणाली. मी नाचले. आम्ही तो कागदाच्या पुडीत बांधून डॉक्टरांकडं नेला. त्यांनी भिंगातून पाहिला, लहान मुलासारखे खूष झाले. पण लगेच म्हणाले, "फोटो पुन्हा काढू या." फोटो आला. पहिल्या फोटोतला ज्वारीचा दाणा होता तिथंच होता, उलट थोडा मोठा दिसत होता. पडला तो दुसराच, बारका, जिभेखालच्या वाटेत अडकलेला.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. मग बसले. "ताई, स्पष्ट सांगतो. हा माझ्या औषधानं निघेल असं मला वाटत नाही. आत पू झाला तर त्रास होईल. तुम्ही सर्जनकडं जा. उशीर करू नका." मी शब्दन् शब्द अव्वाला सांगितला. तिनं ऐकलं. मग मला म्हणाली, "विचार त्यांना, ऑपरेशन झाल्यावर इथं यायचं का?"

मी विचारलं. डॉक्टर हसले. "मग कशाला? मग तुम्ही बऱ्या झालात की!"

त्यांना वाटलं असेल, पेशंटला हेच ऐकायचं असतं. मीही ते आनंदानंच तिला सांगितलं. अव्वा उठली, चपला घातल्या. रस्त्यात बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "अप्पांना सांगू नको. दिवाळी होऊ दे."

मी सोळा वर्षांची होते आणि आईनं मला प्रथमच कुठल्या तरी गोष्टीत आपल्या बाजूला घेतलं होतं. मी सांगितलं नाही. दिवाळी झाली. मग म्हणाली, कार्तिक जाऊ दे. दर आठवड्याला डॉक्टर विचारायचे, "दाखवलं का सर्जनना?" अव्वा मला म्हणायची, सांग, पुढच्या आठवड्यात. डॉक्टर उसासा टाकायचे, पुन्हा बजावायचे, आणि मग सवयीनं म्हणायचे, "बरं, झोप कशी आहे?" की अव्वा खुर्चीत सावरून बसायची. आज वाटतं, त्यांनी एकदा दुकानात जाऊन अप्पांना गाठायला हवं होतं. किंवा औषध बंद करून टाकायला हवं होतं. ते भले होते, आणि भल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. अव्वाला हे बरोबर कळलं होतं.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही दरवर्षी वळसंगला अप्पांच्या चुलतभावाच्या शेतात जायचो. हरभरा आणि ज्वारी उभी असते, कडब्याची खोप करून पूजा होते, आणि मग सगळे, बाया, माणसं, पोरं, एकाच पंगतीला मातीत बसून जेवतात. वर्षात हा एकच दिवस अव्वा सगळ्यांबरोबर जेवायची. भज्जी, म्हणजे झाडून साऱ्या पालेभाज्या आणि ओले दाणे घालून केलेली दाट भाजी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आणि मडक्यातली गार आंबट अंबील. त्या दिवशी ती माझ्या आणि अप्पांच्या मध्ये बसली होती. अंबील वाढायला आली तेव्हा मी तिचा हात धरला. "आंबट आहे गं." ती म्हणाली, "होगली बिडु." आणि वाटी तोंडाला लावली. एक संपवली, दुसरी मागून घेतली. वारा सुटला होता, ज्वारीची पानं सळसळत होती, चुलतभावाची बायको काहीतरी सांगत होती आणि अव्वा मोठ्यानं हसत होती. तिला तसं पोटभर, चारचौघांत जेवताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

गाठ आली. तासाभरात उतरली नाही. संध्याकाळी बैलगाडीतून स्टँडवर येईपर्यंत तिला थंडी वाजायला लागली. सकाळी अंग भाजत होतं, मान कानापासून गळ्यापर्यंत सुजून लाल झाली होती, तोंड बोटभरही उघडत नव्हतं. अप्पांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात त्याच सर्जननी पाहिलं आणि चिडून विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आत पू झाला होता. आधी तो काढला, ताप उतरल्यावर काही दिवसांनी गाठ काढली. सगळं चिकटून गेल्यामुळं त्यांना फार त्रास पडला, हे त्यांनीच बाहेर येऊन सांगितलं. ती जगली. पण पट्टी सुटली तेव्हा तिचा खालचा ओठ डाव्या बाजूला लुळा पडला होता. बोलताना वाकडा व्हायचा. पाणी प्यायलं की कोपऱ्यातून ओघळायचं. सुधारेल, असं ते म्हणाले होते. थोडं सुधारलं, पुरतं नाही.

तो लुळा ओठ पहिल्यांदा दिसला त्याच दुपारी अप्पा दवाखान्यातून उठले ते तडक नवी पेठेत गेले. मी मागून धावत गेले. मोकाशी डॉक्टरांच्या खोलीत दोन-तीन पेशंट बसले होते. अप्पा उंबऱ्यातूनच बोलायला लागले. "साखर चारत बसलाव का हो सहा महिने? माझ्या बायकोचं तोंड वाकडं करून ठेवलाव! लाज वाटायला पायजे. बोला की आता! त्या दिवशी मला बाहेर काढलाव, आता बोला!"

डॉक्टर उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि मग खाली. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बोलता आलं असतं. पण बोलले असते तर तो बोल अव्वावर आला असता, हे त्यांना माहीत होतं.

"अप्पा," मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं. नवरात्रातच सांगितलं होतं, ऑपरेशन करा म्हणून. दर वेळी सांगायचे. अव्वाच नको म्हणायची."

अप्पा माझ्याकडं वळले. मला वाटलं मारतील. पण त्यांचा हात नुसताच खाली लोंबत राहिला. परतताना ते माझ्या पुढं चालत होते आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही.

अव्वा कॉटवर उशाला टेकून बसली होती. अप्पा स्टूल ओढून बसले. ओरडले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. कानडीतच म्हणाले, त्यांनी सांगितलं होतं तर गेली का नाहीस? आणि जायचं नव्हतं तर तिथं कशाला जात होतीस? कशासाठी?

अव्वानं ओठाचा कोपरा पदरानं पुसला. नीट शब्द फुटत नव्हते, तरी स्पष्ट म्हणाली, "अवरु केळतार."

ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. केळ म्हणजे विचारणं, आणि केळ म्हणजेच ऐकणं. कानडीत दोन्हीला शब्द एकच. ते विचारतात, असंही ती म्हणाली, आणि ते ऐकतात, असंही. त्या एका शब्दाचं भाषांतर करायची पाळी माझ्यावर आली नाही, कारण अप्पांना दोन्ही अर्थ कळत होते. ते स्टुलावर बसून राहिले. नर्स येऊन बाटली बदलून गेली तरी हलले नाहीत. मग उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तर नको म्हणाले.

मी खरं बोलले होते, आणि डॉक्टरांवरचा आळ गेला होता. पण त्या खऱ्यानं दुसरं काही बरं झालं, असं म्हणवत नाही. मोकाशी डॉक्टरांकडं आम्ही पुन्हा कुणीच गेलो नाही. अप्पांनी मना केलं होतं असं नाही. अव्वाच म्हणाली, या तोंडानं काय बोलू? ती मुळातच कमी बोलणारी, आता शब्द वाकडे पडतात म्हणून आणखी कमी बोलायला लागली. माझ्याशीही. आमच्या दोघींचं त्या रस्त्यावरचं बोलणं त्या रस्त्याबरोबरच संपलं. मी घरी बसून तिला विचारू शकले असते, झोप कशी, स्वप्न पडलं का. मला लाज वाटायची. घरच्या माणसाला असं विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

अप्पांनी मात्र एक केलं. अव्वा हिंडूफिरू लागल्यावर एका दुपारी, सगळ्यांची जेवणं होऊन ती ताटावर बसली असताना, ते दुकानातून परत आले. स्वयंपाकघराच्या दारात सतरंजीची घडी टाकून बसले. त्यांचं स्वतःचं जेवण कधीच झालं होतं. अव्वा बघतच राहिली. "जेव की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. काही बोलायचं त्यांना सुचत नव्हतं. घसा खाकरायचे, दुकानात कोण आलं होतं ते सांगायचे, ज्वारीचा भाव सांगायचे. एकदा बऱ्याच वेळानं, दुसरीकडं बघत त्यांनी विचारलं, "तुला गोड आवडतं का आंबट?" अव्वाचा हात ताटातच थांबला. ती म्हणाली, "आता काय." तोंडाच्या कोपऱ्यातून वरण ओघळलं होतं. तिनं घाईनं पदर लावला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

आठ-पंधरा दिवस असं चाललं असेल. ती अवघडून अवघडून बसायची, घास लहान लहान घ्यायची, अर्ध्यावर उठायची. आपलं वाकडं तोंड त्यांनी बघावं, हे तिला सोसत नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं, पण उठून जायचं कसं हे कळत नव्हतं. शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "अंगडिगे होगरि." दुकानात जा तुम्ही. रागानं नाही, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली. अप्पा मग "बरं" म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी माजघरात परीक्षेचं पाठ करत बसले होते, तिथून अर्ध्या लोटलेल्या दारातून आत दिसत होतं. अव्वानं ताट वाढून घेतलं होतं. भाकरी तशीच होती, हात कोरडा होता, आणि ती भिंतीकडं नाही, दाराकडं तोंड करून बसली होती. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली. तिनं मान वर केली. चप्पल पुढं निघून गेली. मग तिनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला, ताट उचललं, आणि वळून बसली.